वळरीची जागा

भिंतीवर एक फिकट, वाकडा ठसा होता. दोन वीत लांब, एका टोकाला थोडा रुंद. बाकीची भिंत दिव्याच्या काजळीने काळवंडलेली. तेवढीच जागा स्वच्छ. तिथे आमची वळरी टांगलेली असे. फेकून मारायचं ते वाकडं लाकडी हत्यार पणजोबांपासून घरात होतं. आता नुसती खुंटी होती.

इंग्रजांच्या कंपनीने दवंडी पिटली होती, ज्याच्या घरी हत्यार सापडेल तो फासावर. माझा थोरला भाऊ सडयप्प तेवर या पाळयमचा, म्हणजे आसपासच्या गावांच्या जहागिरीचा, धनी. त्याने गावोगावची हत्यारं गोळा करून स्वतः छावणीत पोचवली. शेजारच्या पाळयमचा धनी, तिथला पाळयक्कार, मात्र कंपनीविरुद्ध उठावाला बोलावत होता. त्याच्या प्रत्येक निरोपाला अण्णाचं उत्तर एकच, "विचार करून सांगतो."

आज त्या पाळयक्काराची बायको सीनियम्माळ आली. तिच्या मुलाशी अण्णाच्या मुलीचं, अळगीचं, लग्न ठरलं होतं. सीनियम्माळने गवताचा भारा सोडला, आतली वळरी काढली आणि थाळीत विड्याच्या पानांवर ठेवली.

"ही आमची. तुमची द्या, मुलगी नेते."

वळऱ्यांची अदलाबदल झाल्याशिवाय आमच्यात लग्न होत नाही.

"विहीणबाई, यंदा नारळावर भागवा," अण्णा म्हणाला.

"मग नवरीही नारळाचीच करते! छावणीतून मागून आणा की. धनी ना तुम्ही?"

"लोक जगावेत म्हणून दिली मी!"

"याला जगणं म्हणता?"

मी मध्ये पडले. "अण्णा, नवी कोरून घेऊ."

"आणि सुताराला फासावर देऊ?" तो माझ्यावर खेकसला.

अळगी आतून बाहेर आली. "अप्पा, आपल्या वळरीचं काय झालं ते सांगा ना त्यांना."

अण्णाच्या मानेवरची शीर फुगली.

"जाळली. सगळ्यांच्या वळऱ्यांचा ढीग पेटवला आणि त्यावर घोड्यांचे हुलगे शिजवले. माझ्यासमोर. गोरा हसत म्हणाला, तुमचं लाकूड छान जळतं. आणि मी... मी मान डोलावली!"

त्याने रिकाम्या खुंटीवर मूठ हाणली. खुंटी मोडून पडली. मग तो वळला, थाळीतली वळरी उचलली आणि घट्ट धरली.

"घेतली. आता मीही फासाचाच. आमची नवी वळरी मीच कोरेन आणि जावयाला रणात देईन. व्याह्यांना सांगा, विहीणबाई, आम्ही लढणार."