उस्तादाच्या हातचे विंग्ज

आहारतज्ज्ञ बाईंनी मुंगीला वजनकाट्यावर उभं केलं, आकडा लिहून घेतला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पुढच्या खेपेला वजन वाढलेलं नसेल, तर नाकातून नळी घालावी लागेल. तिला भरवून भरवून तुम्हीसुद्धा दमला असाल."

मी दमले होते हे खरं, पण ते त्यांनी सांगायची गरज नव्हती. मुंगी माझी मुलगी. दहा वर्षांची, पण उचलून घेतली तर सहाची वाटावी. तिच्या अन्ननलिकेला सूज येते. दूध, अंडी, गहू, मासे, शेंगदाणे यांनी ती हळूहळू वाढत जाते. सोयाबीनचं मात्र तसं नाही. ते पोटात गेलं की बघता बघता गळा आवळला जातो. मागे वर्गातल्या मैत्रिणीने प्रेमाने दिलेल्या बिस्किटात ते निघालं आणि आमच्या तोंडचं पाणी पळालं. तेव्हापासून इंजेक्शनचं पेन माझ्या पर्समध्ये असतं, किल्ल्यांच्याही आधी मी ते चाचपते.

उरलं काय? भात, बटाटा, भोपळा, सफरचंद आणि उकडलेलं चिकन. तुम्ही रोज तेच खाऊन बघा. मुंगी एकेक शीत उचलून तोंडात टाकायची आणि मी समोर बसून पडद्यांच्या कडा शिवायचे. पडदा संपायचा, भात संपायचा नाही. शेजारच्या काकू एकदा म्हणाल्या, "लाड फार केलेत तुम्ही. आमच्या वेळी ताटात पडेल ते मुकाट्याने खायचो." मी म्हटलं, "काकू, तुमच्या वेळी किती पोरं जगायची नाहीत, तेही सांगा." त्यानंतर बरेच दिवस त्या जिन्यात माझ्याशी बोलत नव्हत्या. तेवढीच शांतता.

त्यात माझा नवरा स्वयंपाकी. साधासुधा नाही, हॉटेलात त्याला उस्ताद म्हणतात. घरी मी मूड असेल त्या नावाने हाक मारते. त्याचे चिकन विंग्ज खायला लोक रस्त्यावर रांग लावतात. बाहेरून काचेसारखा चकचकीत मुलामा, आत रसरशीत मांस. आणि त्या मुलाम्याचा जीव म्हणजे सोया सॉस. म्हणजे बाप दिवसभर जे हाताने रांधतो, तेच लेकीचं विष. कामावरून आला की तो दारातच थांबायचा. पिशवी बाहेरच्या खिळ्याला, कपडे झाकणाच्या बादलीत, मग थेट आंघोळ. नखांतून ब्रश फिरवून, कान धुऊन बाहेर आला की मगच मुंगी त्याच्या गळ्यात पडायची. तोवर ती न्हाणीघराच्या दाराशी उभी राहून आतल्या बापाशी गप्पा मारायची.

त्या दिवशी दवाखान्यातून तिघं परत येताना मुंगीने विचारलं, "बाबा, तुझे विंग्ज खाल्ले तर वजन वाढेल?"

"वाढेल की."

"वर्गातल्या सगळ्यांनी खाल्लेत. मी एकटीच राहिलेय."

नवरा नुसताच भराभर चालायला लागला. पण मला त्याची चाल माहीत आहे. पुढच्या कोपऱ्यापर्यंत त्याने मनात कढई चढवली होती.

त्याने नवी कढई आणली, नवी सुरी, नवा चिरायचा पाट, नवे चमचे. सगळ्यांवर मुंगीकडून लाल ठिपके काढून घेतले, म्हणजे चुकूनही कुणी दुसऱ्या कामाला लावू नयेत. मग लागला प्रयोगाला. घरात नियम असा, की नवीन पदार्थ एका वेळी एकच द्यायचा आणि काही होत नाही ना ते बघत थांबायचं. खजूर दिला, थांबलो. आलं दिलं, थांबलो. लसूण, व्हिनेगर, आरारूट, सगळ्यांचं तसंच. वाळवलेल्या अळंब्यांचं पाणी दिलं, तेव्हा तर मी दिवसभर शिलाईच्या मशीनवर बसलेच नाही, नुसती तिच्या गळ्याकडे बघत राहिले. काही झालं नाही. उस्ताद म्हणाला, "सोयाची जी खोल चव असते ना, ती या अळंबीत आहे. रंग साखर जाळून येईल."

पहिला मुलामा मुंगीने बोटाने चाटला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "बाबा, याने खोकला पण बरा होईल." दुसरा कडू झाला, कारण साखर जास्त जळली. तिसऱ्या वेळी चव जमली पण तो अंगावर ठरेना, चमच्याने घातला की ओघळून थाळीत तळं व्हायचं. उस्तादाची चिडचिड झाली. त्याला मी हॉटेलच्या कामातही असं कधी बघितलं नव्हतं. प्रत्येक थेंब चाखायचा, मान हलवायचा, पुन्हा मोजायचा. मी त्याला म्हटलंही, "अरे, पोरीला भूक लागू दे, एवढंच जमव. ती काही तुला स्पर्धेत बक्षीस देणार नाहीये." तो म्हणाला, "माझी पोरगी माझ्या हातचं पहिल्यांदा खाणार आहे. ते असं-तसं नाही देणार मी."

मला राग आला, आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवरून हात फिरवावासाही वाटला. लग्नाला इतकी वर्षं झाली की दोन्ही एकदम वाटतं.

त्याच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याने विंग्ज आणले. स्वच्छ धुऊन, पुसून, आधी वाफवले, मग ओव्हनमध्ये कातडी कुरकुरीत होईपर्यंत भाजले. मुलामा आरारूट घालून दाट केला. घरभर वास सुटला. मुंगी टेबलाशी रुमाल लावून बसली होती, पाय हलवत. आणि ती म्हणाली, "आई, मला भूक लागलीय." हे वाक्य मी किती दिवसांत ऐकलं नव्हतं! मला रडू येईल म्हणून मी गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेले.

परत आले तेव्हा ताट समोर होतं. विंग्ज चमकत होते. तसाच काचेसारखा मुलामा, एकही ओघळ नाही. मी म्हटलं, "जमवलंस की रे!" तो नुसता हसला. लग्नात हसला होता तसा, सगळे दात दाखवून.

मुंगीने खाल्लं. चावून, चोखून, बोटं चाटून खाल्लं. हाडं ताटाच्या कडेला रचून ठेवली. उस्ताद ओट्याला पाठ लावून उभा होता आणि तिच्या तोंडाकडे बघत होता. ती म्हणाली, "वर्गातल्यांना सांगणार आहे, माझे वेगळे आहेत, लाल ठिपक्याचे." आणि पुढचा विंग उचलता उचलता तिने मान खाजवली.

मग ओठ. मग आवाज बदलला. "आई, घशात..." एवढंच म्हणाली. मी पर्स उलटी केली, पेन तिच्या मांडीत खुपसलं. नवऱ्याने तिला खांद्यावर घेतलं आणि जिना उतरला. त्याच्या पायात चपलाही नव्हत्या. शेजारच्या काकूंनी रस्त्यावर आडवं उभं राहून गाडी थांबवली, हे मी त्यांचं कधी विसरणार नाही.

इस्पितळात तिला आत नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काय काय खाल्लं?" उस्तादाने सगळं सांगितलं. खजूर, आलं, लसूण, व्हिनेगर, अळंबीचं पाणी, जळकी साखर, मीठ, आरारूट. कशाच्या नंतर काय घातलं तेही. डॉक्टर म्हणाले, "यातलं नवीन काहीच नाही? मग हे व्हायला नको होतं." 

तिचा श्वास नीट चालू लागला, तेव्हा मी तिचे कपडे आणायला घरी आले. स्वयंपाकघर तसंच पडलं होतं. ओट्यावर गरम पाण्याचा पेला होता, आता थंड झालेला, आणि त्यात त्याचा ब्रश उभा. लाकडी मुठीचा, डुकराच्या केसांचा. त्याला त्याच्या गुरूने दिलेला. त्यांच्या भटारखान्याची रीत अशी, की असला ब्रश साबणाने कधी धुवायचा नाही, केस मरतात म्हणतात. कढत पाण्यातून काढायचा, पुसायचा आणि फडक्यात गुंडाळून आपल्या पिशवीतून न्यायचा. दुसऱ्याला हात लावू द्यायचा नाही. वर्षानुवर्षं हॉटेलातला तो सोयाचा मुलामा पीत आलेला ब्रश. पेल्यातलं पाणी चहासारखं झालं होतं. मी ते नाकाशी नेलं. हॉटेलच्या मागच्या दाराचा वास आला.

मी कपडे न घेताच परत गेले. वाटेत ठरवत होते, त्याला काय काय बोलायचं ते. सगळ्यांसमोर बोलणार होते. तो बाकावर अनवाणी बसला होता.

"मुलामा कशाने लावलास?"

"ब्रशने."

"कुठल्या?"

"माझ्याच," तो म्हणाला. त्याला प्रश्नच कळला नव्हता. मग कळला. तोंड उघडं राहिलं. "उकळत्या पाण्यात घातला होता गं. चांगला बराच वेळ घातला होता."

सुरी नवी, कढई नवी, चमचेसुद्धा नवे. ब्रश मात्र त्याच्या लेखी भांडंच नव्हतं. तो त्याचा हात होता, आणि हात तर त्याने धुतले होते. हे मला समजलं, आणि समजलं म्हणून राग कमी झाला नाही. मला त्याला मारावंसं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा खरोखर वाटलं. मी त्याच्या शेजारी बसले.

मुंगी वाचली. घरी आली. पण तिने तोंड मिटलं.

रडली नाही, हट्ट केला नाही, तसं केलं असतं तर मी तिला रागावले तरी असते. ती पुढ्यात बसायची, घास घ्यायची आणि तो गालात धरून ठेवायची. तिला भीती वाटत होती. आपल्याच भाताची, जो ती जन्मापासून खात आली. उस्तादाने हॉटेलातून रजा घेतली. तो तिच्यासमोर बसायचा, तिच्याच ताटातला घास आधी स्वतः खायचा. "बघ, मी खाल्ला. बघ, मला काही झालं का?" त्याच्याकडे बघून ती म्हणायची, "छान झालंय, बाबा." तो समाधानाने उठायचा. आणि मला तिच्या रुमालात, उशीखाली, दप्तराच्या कप्प्यात भाताचे वाळलेले गोळे सापडायचे. मी ते त्याच्या नजरेला पडू न देता टाकून द्यायचे. पोरगी बापाला जपत होती आणि मी दोघांना. आहारतज्ज्ञ बाईंना सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "भीती समजावून जात नाही." यावेळी त्या माझ्याकडे बघून बोलल्या.

पुढच्या खेपेला काटा आणखी खाली आला होता. कुणीच वाद घातला नाही.

नळी घालताना मुंगीने माझं मनगट घट्ट धरलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण तिने हूं की चूं केलं नाही. नळी नाकातून आत गेली, गालावर चिकटपट्टी लागली. मग नर्सने आम्हाला शिकवलं. मोठी सिरिंज नळीला जोडायची, वरून औषधी पावडरचं पातळ अन्न ओतायचं, सिरिंज तिच्या डोक्याच्या वर धरायची, आपोआप उतरतं. "कोण धरतंय?" नर्सने विचारलं. मी पुढे होणार तोच उस्ताद उठला. हात कोपरापर्यंत धुऊन आला. परत गेला, पुन्हा धुतले. मग सिरिंज धरली.

पांढरट पाणी हळूहळू खाली जायला लागलं. मुंगी नळीकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होती. पोटात काही तरी जातंय हे तिला जाणवलं असावं, कारण तिने पोटावर हात ठेवला. मग नर्सला विचारलं, "म्हणजे आता मला जेवायला लागणार नाही?"

"सध्या नाही, बाळा."

मुंगी हसली. विंग्ज खाताना हसली होती, त्यानंतर आज. तिने मान वळवली, जेवढी नळी वळू देत होती तेवढी, आणि बापाला म्हणाली, "बरं झालं ना, बाबा? आता तुला माझ्यासाठी काही करायला नको."

"हो," उस्ताद म्हणाला. त्याने सिरिंज नर्सने सांगितल्याप्रमाणे थोडी आणखी वर उचलली.