कुणाच्या हाताला कुठली स्टिक

तिला सहसा कशाची किळस येत नसे. कामच तसं होतं. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची. दवाखान्यांतून येणाऱ्या जबड्यांच्या साच्यांवर कधी कुणाच्या जेवणाचा कण, कधी वाळलेलं रक्त चिकटलेलं असायचं. नव्याने लागलेल्या मुली तोंडावर रुमाल धरायच्या, ही मात्र साचा नळाखाली धरायची आणि कामाला लागायची. पण त्या शनिवारी दुपारी, स्वतःच्याच घरात, तिला जी शिसारी आली तिची चव पुढे कितीतरी दिवस तोंडातून गेली नाही.

तिचा नवरा लॅक्रॉस खेळायचा. लांब दांडा, त्याच्या टोकाला जाळीची झोळी, अशी ती स्टिक असते. त्या झोळीत चेंडू झेलायचा, पळता पळता झुलवत न्यायचा आणि गोलात भिरकवायचा. नवरा पळायचा असा की टीममध्ये त्याचं नावच ‘वारा’ पडलं होतं. मग एका सिग्नलला मागून आलेल्या व्हॅनने त्याची स्कूटर उडवली. खुब्यात धातूच्या पट्ट्या बसवल्या. डॉक्टर म्हणाले, चालाल, पण पळणं विसरा. घरी आल्यापासून तो कशावरच काही बोलत नव्हता. जेवण पुढे ठेवलं की जेवायचा, टीव्ही लावला की बघायचा, बंद केला तरी तिकडेच बघत राहायचा.

हॉस्पिटलात टीममधलं कुणी फिरकलं नव्हतं. फोनवर फुलांच्या गुच्छांची चित्रं मात्र रोज येत होती. त्यामुळे शनिवारी दारात तिघं उभे दिसले तेव्हा तिला खरंच बरं वाटलं. कॅप्टन होता, त्याच्यामागे टीममधला उंचाडा, ज्याला सगळे बांबू म्हणायचे, आणि कॅप्टनचा मेहुणा, नुकताच खेळायला लागलेला. बांबूच्या हातात द्राक्षांची पिशवी होती.

तिने कॉफी केली. तिघं पलंगाभोवती खुर्च्या ओढून बसले. हवापाण्याच्या गप्पा झाल्या, कुठल्याशा हरलेल्या मॅचवर बोलून झालं. कॅप्टनची नजर मात्र सारखी दाराबाहेर, पॅसेजमधल्या खुंट्यांवर जात होती. तिथे नवऱ्याच्या स्टिक्स ओळीने लावलेल्या होत्या.

“वाऱ्या,” कप खाली ठेवत कॅप्टन म्हणाला, “ह्या अशाच लटकून राहणार का रे? जाळी सैल पडते, वापरली नाही की.”

आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा नवरा उशीवरून वर सरकला. “अरे मग बघा ना! घेऊन बघा हातात. तुझ्या मेहुण्याला तरी धड स्टिक आहे का?”

तिघं उठले ते जणू या शब्दाचीच वाट बघत होते. पॅसेज अरुंद. खेळाच्या मैदानावरचे बूट त्यांच्या पायात तसेच होते, आणि सकाळीच पुसलेल्या फरशीवर चिखलाची ढेकळं पडत गेली. ती स्वयंपाकघराच्या दारात कप घेऊन उभी राहिली. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

“बांबू, छोट्या दांड्यांना हात लावू नकोस!” आतून नवऱ्याचा आवाज आला. पलंग दाराच्या बाजूच्या भिंतीला होता, तिथून त्याला पॅसेज दिसत नव्हता, पण खुंटीचा आवाज ऐकून कुठली काढली ते तो ओळखत होता. “तू मागे राहून अडवणारा माणूस. कोपऱ्यातली लांब घे. आणि मेहुण्याला तिसरी द्या, तिची झोळी खोल आहे. नव्या माणसाचा चेंडू पडत नाही त्यात. फेकायला थोडा उशीर होतो, होऊ दे.”

“आणि मला?” कॅप्टनने विचारलं.

“तुला कुठलीही चालेल. राखाडी सोडून.”

“हो हो,” कॅप्टन म्हणाला आणि त्याने खुंटीवरून अलगद, आवाज न करता, राखाडीच काढली.

ती स्टिक नवऱ्याचा जीव की प्राण होती. तिची जाळी तो स्वतः सोडायचा, स्वतः विणायचा, गाठ मनासारखी बसली नाही तर पुन्हा उसवायचा. दांड्यावर पकडीसाठी त्याने काळी चिकटपट्टी गुंडाळली होती, आणि ती त्याच्या घामाने गुळगुळीत झाली होती. कॅप्टनने पट्टीत अंगठ्याचं नख घातलं. “कसली चिकट झालीय ही,” तो कुजबुजला आणि ती सोलायला लागला. खालचा डिंक काळ्या सुरळ्या होऊन निघत होता. नवऱ्याच्या तळहाताचा मळ, घाम, कितीतरी मॅचेस, सगळं त्या सुरळ्यांत. कॅप्टन ते बोटांनी वळायचा आणि बुटांच्या कपाटाच्या कडेला पुसायचा.

बांबूने तळहातावर थुंकी लावली, लांब दांडा घट्ट धरला, भिंतीला टोक लागेल असा फिरवला. मग आजाऱ्यासाठी आणलेल्या द्राक्षांचा घोस पिशवीतून काढून खायला लागला. बिया छत्र्यांच्या डब्यात.

ती त्यांना थांबवायला एक पाऊल पुढे आली. पण तिथेच थांबली. आत नवरा इतका खुशीत होता! “झोळीत चेंडू टाकून बघा, चेंडू! खालच्या खणात आहे!”

“हा उभा होता तेव्हा शिवू देत नव्हता हिला,” कॅप्टन हळूच मेहुण्याला म्हणाला. “आजच घेतलेली बरी. बाकीचे टपलेत.” आणि मग त्याने राखाडी स्टिक उलटी केली, झोळी काखेत धरली, एक पाय लुळा सोडला, आणि पॅसेजमध्ये खुरडत चार पावलं टाकली. तोंड वाकडं केलेलं. “बघा बघा, वारा सुटला!”

बांबू इतका हसला की द्राक्ष नाकातून बाहेर यायचं राहिलं. मेहुणा हसला नाही, पण गप्प उभा राहिला.

आतून नवऱ्याचाही हसण्याचा आवाज आला. “काय झालं रे? मलाही सांगा!”

तिने कप खाली ठेवले. “ठेवा,” ती म्हणाली.

कॅप्टन चपापला. “वहिनी, तुम्ही... अहो, आमचं चालतंच असं.”

“स्टिक खुंटीला लावा.”

“त्यानेच तर सांगितलं घ्या म्हणून.”

“आणि मी सांगतेय ठेवा म्हणून. तिन्ही ठेवा. द्राक्षं घेऊन जा, अर्धी तुम्हीच खाल्लीत.”

मेहुण्याने सगळ्यांत आधी ठेवली. त्याचे कान लाल झाले होते. कॅप्टनने मात्र राखाडी खुंटीला न लावता भिंतीला टेकवली, जणू तेवढीच काय ती त्याची इभ्रत, आणि निरोप न घेता जिना उतरला.

ती आत गेली. नवरा कोपरावर रेलून दाराकडे बघत होता. “गेले? कॉफी अजून हवी होती का त्यांना? कुणी कुठली घेतली?”

“कुणीच नाही. मी हाकललं.”

“का?”

तिने सांगून टाकलं. तुझी स्टिक काखेत धरून तुझ्यासारखा खुरडत चालून दाखवत होता, तुझा कॅप्टन. सांगताना तिला वाटलं होतं, आता हा चिडेल, शिव्या देईल, निदान रडेल. ती त्याच्या रागाची वाटच बघत होती.

त्याने चादरीवरची सुरकुती सरळ केली. “कुठला पाय ओढत होता?”

“काय?”

“डावा की उजवा?”

“मला नाही माहीत! लुळा सोडला होता एक.”

“तो सगळ्यांच्याच नकला करतो गं,” नवरा म्हणाला. त्याने पुन्हा दाराकडे बघितलं. “आता येणार नाहीत ते.”

“नाही आले तर बरंच.”

“तुला बरं. नकला करायला का होईना, आले होते.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. एवढी शिसारी तिला कॅप्टनचीही आली नव्हती. लाज कशी वाटत नाही, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. ते गिळून ती पॅसेजमध्ये आली आणि तिची लॅबमधली प्लास्टर खरवडायची सुरी घेऊन कपाटाच्या कडेचा डिंक काढायला बसली. डिंक निघता निघेना. आतून नवऱ्याचा फोनवरचा आवाज येत होता, लाडीगोडीचा, तिने कधीही न ऐकलेला. “अरे, तिचं मनावर घेऊ नकोस. लॅबमध्ये काम फार आहे, वैतागलेली असते... हो रे... राखाडी? हो, घे ना. तुझ्याच हाताला शोभते ती.”

सुरी कपाटाच्या लाकडात रुतली. तिने ती तशीच राहू दिली.

आठवड्याभराने मेहुणा एकटा आला. कॅप्टनने पाठवलं होतं. नवरा वॉकर धरून स्वतः पॅसेजपर्यंत आला, खुर्चीवर बसला, आणि एकेक स्टिक गुडघ्यांवर घेऊन तपासली. लांब बांबूला. राखाडी कॅप्टनला, नवी पट्टी स्वतःच्या हाताने गुंडाळून. मग मेहुण्याला त्याने हात पुढे करायला लावला, मनगट फिरवायला लावलं, झोळीच्या दोऱ्या थोड्या ताणल्या. “आता झुलव. बघ, हाताला बसली की नाही?”

“मला नको, दादा,” मेहुणा म्हणाला. “माझी आहे ती चालेल.”

“चालेल कशी? दांडा वाकडा आहे तिचा. घे म्हणतो ना.”

जाताना जिन्याच्या तोंडाशी मेहुणा थांबला. “वहिनी, त्या दिवशी मी—”

“तुम्ही हसला नाहीत, एवढंच ना?” ती म्हणाली. “बोललाही नाहीत.” आणि तिने दार लावून घेतलं.

त्यानंतर नवरा दर रविवारी मैदानावर जायला लागला. बाकावर बसायचा, नव्यांच्या जाळ्या दुरुस्त करायचा, कॅप्टनशेजारी बसून ओरडायचा. परत आला की जेवताना बोलायचा, भरभरून बोलायचा. ती ऐकायची. पोळी तव्यावरून काढून त्याच्या ताटात वाढायची. पण राखाडी स्टिकने कॅप्टनने कसे गोल मारले ते तो सांगायला लागला, की तिचा घास तोंडातच फिरत राही.

एका रविवारी खाली हॉर्न वाजला तेव्हा ती खिडकीशी होती. कॅप्टन गाडीतून उतरला. त्याने वॉकर घडी करून डिकीत ठेवला. मग नवऱ्याच्या कोपराला हात देऊन त्याला पुढच्या सीटवर बसवलं, दुखरा पाय दोन्ही हातांनी उचलून, सावकाश आत ठेवला, एखाद्या नर्सने ठेवावा तसा. दोघं कशावर तरी हसले. कॅप्टनने वर बघितलं आणि हात हलवला.

तिने हात हलवला नाही. गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत ती तिथेच उभी होती, आणि तो माणूस इतक्या हळुवारपणे वागू शकतो, याचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला होता.