डावीकडे पातळ, उजवीकडे फेस

"बाईसाहेबांना उशीवरून उठवायचं नाही हं. माझ्यामागे तुझ्याजवळच निजू देत."

आई जाताना एवढंच म्हणाली. बाईसाहेब म्हणजे तिची मांजर. मुलाने तिचा शब्द मोडला नाही. तो आडवा झाला की बाईसाहेब उशीवर वेटोळं करायच्या आणि हक्काने त्याचं डोकं चाटायच्या.

तो चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकापुढे आरसा धरायचा आणि समोरच्या भिंतीवरच्या आरशात स्वतःचा उजाड होत चाललेला माथा बघायचा. थोरली बहीण येता-जाता म्हणे, "बाबांनी इस्टेट ठेवली नाही, टक्कल तेवढं ठेवलं. सांभाळ बाबा." तो हसायचा, पण ते जिव्हारी लागायचं. म्हणून त्याने गुपचूप केस उगवायची दोन औषधं आणली. कुठलं लागू पडतं ते कळावं म्हणून भांगाच्या डावीकडे पातळ आणि उजवीकडे फेसाचं. पातळ कपाळावर ओघळायचं, खाज सुटायची, उशी चिकट व्हायची. फेस चटकन वाळायचा, पण अर्धा बोटांवरच विरून जायचा. पुढे डावीकडे बारीक लव दिसू लागली, तसं डावीकडे तो औषध सढळ हाताने लावू लागला.

एका सकाळी बाईसाहेब उशीवरून उठल्याच नाहीत. धाप लागलेली, पाय गार. बहीण धावत आली, दोघांनी तिला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं.

"पोटात काही गेलंय का?"

"खालच्या काकूंनी जिन्यात उंदराचं औषध ठेवलंय," बहीण म्हणाली.

"आणखी काही? घरात कुणी अंगाला, डोक्याला काही लावतं? माणसाचं औषध मांजराच्या जिवावर उठतं कधीकधी."

त्याचा हात टोपीकडे गेला. बहीण खांद्याला खांदा लावून उभी होती.

"नाही," तो म्हणाला.

मग उंदराच्या विषावरचे उपचार झाले. घरी येऊन त्याने खोक्यातला कागद उलगडला. मांजरांपासून दूर ठेवा, असं बारीक अक्षरांत लिहिलं होतं. बारीक अक्षरं वाचायला लावणं हा त्याचा रोजचा धंदा. डॉक्टरांना सांगायला फोन हातात घेतला, बहिणीचं हसू आठवलं, फोन ठेवला. देवापुढे हात जोडायला माणसाला लाज वाटत नाही, खरं बोलायला वाटते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी कळवलं, बाईसाहेब गेल्या.

बहिणीने जिन्यात उभं राहून काकूंचा उद्धार केला. म्हातारी दाराला धरून एवढंच म्हणत राहिली, "अगं, मी ते कधीच उचललं होतं."

वर येऊन बहीण त्याला म्हणाली, "तू काय दगडासारखा बसलायस? आईचा जीव होता तिच्यात. खाली जा आणि बाईसाहेबांना कुणी मारलं ते तिच्या तोंडावर सांग. वचन दे मला."

"देतो."

ती डोळे पुसत मोरीत गेली. त्याने टोपी काढून खुंटीला अडकवली. कपाटातून दोन्ही बाटल्या घेतल्या आणि दार हळूच ओढून तो जिना उतरू लागला.