सर्वणची कुर्ली

कृष्णनाथ सरांनी झरीतला दगड उलटला, खालची कुर्ली, गोड्या पाण्यातला लहानसा खेकडा, बोटांत धरली आणि तिची पाठ उन्हात पाहिली. लालभडक. एक नांगी जाड. सहा वर्षांपूर्वी याच लाल पाठीवर भरवसा ठेवून त्यांनी लिहिलं होतं की ही नवी जात आहे आणि ती पाळी गावच्या या एका झरीतच सापडते. त्या वाक्यामुळे खाणीची वाढीव हद्द झरीअलीकडे थांबली होती. उद्या पुन्हा सुनावणी होती.

त्यांनी कुर्ली पाण्यात सोडली. उठायला गुडघ्यांवर दोनदा हात टेकावे लागले.

काठावर रुक्मिणी कळशी भरून थांबली होती. सुनावणीत गावाच्या बाजूने तीच बोलणार होती. सरांनी तिला सगळं सांगितलं. त्यांची जुनी विद्यार्थिनी गौरवी हिने या कुर्लीचा आणि सर्वण गावच्या साध्या कुर्लीचा डीएनए ताडून पाहिला होता. जात वेगळी म्हणावी एवढा फरक निघाला नाही. लाल रंग खाणीच्या मातीचा. आपलं म्हणणं मागे घेणारं पत्र सरांच्या खिशात होतं, सही तेवढी बाकी होती.

"म्हणजे उद्या तुमी आमच्या बाजून नाय," रुक्मिणी म्हणाली.

"खोटं कसं बोलू, बाय?"

"खोटां उलयात म्हणान कोण सांगता?" तिने कळशी खाली ठेवली. "सर्वणची कुर्ली तुमका गावली खंय?"

"तिथल्या झरीत. एक्याण्णव साली. बाटलीत आहे, स्पिरिटमध्ये."

"तां माझां म्हायार. ती झर आटान धा वर्सां झाली. आता थंय कुर्ली ना, कायच ना. उरली ती हांगाच."

सरांनी खिशातून पत्र काढलं. ते उघडून तिसरी ओळ वाचली. ही जात सर्वणलाही आढळते. एक्याण्णवनंतर ते सर्वणला गेले नव्हते. ही ओळ त्यांनी कपाटातली बाटली समोर ठेवून लिहिली होती.

पत्राची घडी पुन्हा खिशात गेली.

"सर्वणला जायला बस किती वाजता?"

"दोनाक. डिचोलीत बदलूक जाय. पण थंय बगूक कायच ना, सर."

"तेच लिहून आणायचंय," सर म्हणाले आणि ओल्या पायांतच बूट चढवू लागले.