प्लग काढला तरी

मी एक पिक्चर ट्यूब. व्हिडिओ गेमच्या उभ्या मशीनमधली. सध्या इंदापूरजवळच्या वरकुट्यात, एका घराच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडून आहे. आधीच सांगून टाकते, या घरातला माणूस माझ्यामुळं गेला.

माझी खोडच वाईट. प्लग काढला तरी पोटात वीज धरून बसते. एकदा काढून घेतली, तरी काचेत मुरलेली थोडी पुन्हा वर येते. यात माझा काय दोष? मला बनवलंच तसं.

या घरच्या राजमहंमदनी मला इंदापुरात स्टँडजवळच्या त्यांच्या दुकानात आणलं. काय गर्दी असायची! हरलेली पोरं मलाच थपडा मारायची, मेली. बिघडले की राजमहंमद स्वतः मला उघडायचे. तारेचं एक टोक माझ्या पाठीवरच्या उघड्या तारेला जोडायचे, दुसरं लांब स्क्रू ड्रायव्हरला. डावा हात पाठीमागं. मग माझ्यात वीज शिरते तिथल्या रबरी टोपीखाली ड्रायव्हर सरकवायचे. टक्! की निघाले चहाला. कप संपवून यायचे आणि पुन्हा तेच करायचे. दुसरी टक् बारीक असायची, पण असायची.

"चाचा, मेलेल्याला किती येळा मारताय?" चहावाले झुंबरराव चिडवायचे.

"माझी सवय हाय," एवढंच उत्तर.

लेकानं, अमननं, एकदा विचारलं तर त्याच्यावरच खेकसले, "तुला काय करायचंय? शीक, कंपनीत लाग. या धंद्यात हात घालू नको." पोराच्या काळजीपोटीच बोलले. पण सांगायला हवं होतं हो! एका वाक्याचं काम होतं.

पुढं मोबाईल आले, दुकान बंद पडलं, मी या शेडमध्ये आले. अमन लोणी देवकरच्या कंपनीत लागला. गेल्या वर्षी राजमहंमदना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. चिडले की डाव्या हातानं खाट बडवायचे. कधी उशी हवी म्हणून, कधी उगाच.

एका सुट्टीच्या दिवशी अमननं त्यांची खाट शेडच्या दारात आणली. "अब्बा, तुमचा गेम चालू करून दावतो. बघा, कसं बरं वाटंल." बाप पुन्हा हसावा, एवढंच त्याला हवं होतं. मशीन लावलं, मी नुसती भगभगले, चित्र येईना. त्यानं प्लग काढला. फोनवर बघून तार जोडली, टोपीखाली ड्रायव्हर घातला. टक्! बरोबर केलं पोरानं. मग चहा प्यायला, फोनवर बोलला आणि टोपी काढायला सरळ हात पुढं केला.

राजमहंमद खाट बडवायला लागले. डोळे बाहेर आलेले, तोंडातून नुसता घोगरा आवाज.

"अब्बा, बंद केलंय की. ह्यो बघा प्लग," अमन म्हणाला. तरी बडवणं थांबेना, तेव्हा तो थांबला. खरंच थांबला होता. तेवढ्यात त्याची आई चाँदबी दारातून म्हणाली, "लक्ष नको दिऊ रं. रोजचंच हाय त्यांचं. आटप आन् जेवायला चल."

त्यानं टोपीखाली बोट घातलं.

झटका मोठा नव्हता. हात मागं फेकला जाईल एवढाच. पण तो उकिडवा बसलेला, तोल गेला आणि मागं नांगराचा फाळ होता. बारामतीच्या दवाखान्यात तिसऱ्या दिवशी त्यानं जीव सोडला. मला दोनदा रिकामं केलं असतं, तर आज जेवायला बसला असता.

भेटायला येणाऱ्या बायांना चाँदबी सांगते, "ह्यांना तवा कायबी कळत न्हवतं. पोरगं मरत होतं आन् हे खाट बडवत होते." राजमहंमद खाटेवर पडून ते ऐकतात. मला त्या माणसाकडं बघवत नाही.

परवा त्यांना वाचा फुटली. पहिला शब्द आला, "अमन." चाँदबी धावत आली, त्यांचा हात धरून रडायला लागली. "बोला की! काय सांगायचं व्हतं त्याला? तवा काय म्हणत व्हता तुमी?"

त्यांनी तिच्याकडं बघितलं. ओठ हलले.

"पाणी," ते म्हणाले.

ती पाणी आणायला गेली. भिंतीकडं तोंड करून म्हातारा हमसून हमसून रडला.

उद्या मला भंगारात नेणार आहेत. नेऊ देत. तुम्ही कधी या घरी आलात, तर चाँदबीला यातलं काही सांगू नका.