लिफ्टवाल्या बाई आणि पुटपुटी

मुलींच्या शाळेत मी ग्रंथपाल होते तेव्हाची गोष्ट. शेवटच्या दोन वर्गांतल्या मुलींना पुढे काय शिकता येईल, कसला व्यवसाय करता येईल, हे कळावं म्हणून मुख्याध्यापिकांनी एक योजना काढली. आपापल्या कामात नाव कमावलेल्या सहा बायका दर शनिवारी सकाळी माझ्या वाचनालयात यायच्या. प्रत्येकीनं एकदोन मुलींना वर्षभर हाताशी धरायचं, असं ठरलं होतं.

पहिल्याच दिवशी डॉक्टरीणबाईंभोवती झुंबड उडाली. लिफ्टवाल्या बाईंकडे कोणी फिरकेना. खरं तर त्यांची स्वतःची कंपनी. शहरातल्या दीडेकशे इमारतींच्या लिफ्ट त्यांची माणसं सांभाळायची. पण बाई आल्या त्या थेट कामावरून, जाड तळव्यांचे बूट घालून, नखांत ग्रीस घेऊन. मुलींना त्या मिस्त्रीच वाटल्या. शेवटी जी एक मुलगी उरली, तिला मीच त्यांच्यापुढे नेऊन बसवलं.

तिला सगळी शाळा पुटपुटी म्हणायची. गणितात पहिली, पण बोलायची इतकं हळू की समोरच्यानं कान तिच्या तोंडाशी न्यावा. 'मोठ्यानं बोल, मोठ्यानं बोल' म्हणून पाच वर्षं आम्ही सगळे तिच्या मागे लागलो होतो.

बाईंनी तसं काही म्हटलं नाही. खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि विचारलं, "घरी दिवसा कोण झोपलेलं असतं?"

मला प्रश्नच कळला नाही. पुटपुटीला कळला.

"बाबा. बेकरीत रात्रपाळी असते त्यांची. आमची एकच खोली आहे. आम्ही तिघी बहिणी अशाच बोलतो."

"माझी आई नर्स होती, कायम रात्रपाळीची," बाई म्हणाल्या. "मी दहा वर्षांची होईपर्यंत घरात खाणाखुणांवरच भागवलं."

मी पुस्तकांवर शिक्के मारत होते. हात थांबला. पाच वर्षांत आमच्यापैकी एकीलाही हे विचारायचं सुचलं नव्हतं.

त्यानंतर दर शनिवारी बाई तिला वाचनालयातून उचलायच्या आणि आपल्या जीपमधून कुठल्या ना कुठल्या इमारतीवर न्यायच्या. मोटर, ब्रेक, दोर, नकाशे, सगळं दाखवायच्या. दुसऱ्या मुली तिची थट्टा करायच्या, "काय गं, आज कितव्या मजल्यावर?" ती नुसती हसायची.

एका शनिवारी बाईंना फोन आला. एका जुन्या इमारतीत तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत एक वकीलसाहेब. त्या भागातला बाईंचा मेकॅनिक शहराच्या दुसऱ्या टोकाला कामावर होता, म्हणून त्या पुटपुटीलाच घेऊन पोचल्या. वकीलसाहेब आतून दारावर लाथा मारत होते, कंपनीला कोर्टात खेचायच्या धमक्या देत होते.

"मी वर मशीनकडे जाते. वीज बंद करून हातानं ब्रेक सोडून लिफ्ट खाली आणायची आहे," बाईंनी सांगितलं. "तोवर त्यांनी दाराला हात लावता कामा नये. तू इथं थांब आणि त्यांच्याशी बोलत राहा."

"मी?" पुटपुटी म्हणाली. "त्यांना ऐकूच जाणार नाही."

"जाईल," म्हणत बाई जिना चढून गेल्यासुद्धा.

ती दाराच्या फटीशी तोंड नेऊन म्हणाली, "काका, लिफ्ट पडणार नाही. दारापासून लांब व्हा."

"काय? कोण आहे?"

तिनं तेच, तितक्याच हळू पुन्हा सांगितलं. ऐकायचं तर वकीलसाहेबांना गप्प बसणं भाग होतं. ते गप्प बसले. लाथा थांबल्या. मग त्यांचा जोरजोरात चाललेला श्वास तिला ऐकू आला.

"मला बंद जागेत घाबरायला होतं," ते जरा वेळानं म्हणाले.

"खाली बसा. हातात काय आहे तुमच्या?"

"फाइल. सोमवारच्या खटल्याची."

"अंधार आहे का आत?"

"नाही, दिवा आहे."

"मग मला वाचून दाखवा ना."

वीस मिनिटं ते घरमालक आणि भाडेकरूचं भांडण वाचत होते आणि ती मधूनमधून प्रश्न विचारत होती. शेवटी वीज बंद होऊन आतला दिवा गेला, तेव्हा "आता बाई ब्रेक सोडतायत, थोडे धक्के बसतील," हेही तिनंच सांगितलं. दार उघडलं तेव्हा वकीलसाहेब घामाघूम झाले होते, पण शुद्धीवर आणि अगदी शांत. शाळेच्या गणवेशातल्या मुलीला ते म्हणाले, "मॅडम, आभारी आहे."

पुढे इंजिनिअरिंग कॉलेजच्या मुलाखतीत तिघा परीक्षकांनी तिला आवाज चढवायला सांगितला. ती म्हणाली, "माझा आवाज एवढाच आहे. पंखा बंद केलात तर सगळं ऐकू येईल." त्यांनी पंखा बंद केला. यादीत तिचं नाव चौथं होतं. हे सांगायला बाई माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना एका जागी बसवत नव्हतं.

चार वर्षांनी ती इंजिनिअर झाली. बाईंनी तिच्यासाठी आपल्या ऑफिसात टेबल तयार ठेवलं होतं. आणि पुटपुटी नको म्हणाली. तिला साध्या दुमजली घरांत, जिना चढू न शकणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी छोट्या लिफ्ट बनवायच्या होत्या, स्वतःच्या कारखान्यात.

बाईंना लागलं. मला तसं बोलूनही दाखवलं, "मुलीसारखं शिकवलं हो तिला." आठवडाभर त्यांनी फोनही केला नाही. आठव्या दिवशी स्वतः जीप घेऊन तिच्या दारात गेल्या. तिच्या बाबांची झोपेची वेळ होती, म्हणून बोलणं बाहेर जिन्यातच झालं.

"माझ्या ओळखीत एक आजोबा आहेत," बाई म्हणाल्या. "गुडघ्यांमुळे दोन वर्षं गच्चीवर गेलेले नाहीत. मोजमापं घ्यायला कधी येतेस?"

"आत्ता येते," पुटपुटी म्हणाली आणि चपला घालायला आत गेली.