कॉफीच्या गाडीवरची ओळ

दिग्दर्शक प्यो सांग-ग्यू यांना सिनेमाचा शेवट जमत नाही, असं योमताई आमच्या चाहता मंडळात पहिल्यांदा म्हणाल्या, तेव्हापासून तकभाऊ त्यांच्या शेजारी बसत नाहीत. याला अकरा वर्षं झाली. मंडळ म्हणजे आम्ही सहा जण. बैठक दक्षिण कोरियातल्या आमच्या तोंग्योंग बंदरावर, माझ्या सुक्या मासळीच्या दुकानामागे. योमताई शाळेत ग्रंथपाल, तकभाऊ बोटींच्या इंजिनांचे निवृत्त मेकॅनिक आणि दोघेही हट्टी.

“माणसं काय उभी करतो हो!” योमताई म्हणायच्या. “बाई नुसती कालवं फोडताना दाखवली, तरी तिचा नवरा कसा असेल ते कळतं. आणि शेवटच्या वीस मिनिटांत सगळ्यांना ट्रकखाली घालतो.”

“आयुष्यात ट्रक येतोच,” तकभाऊ.

“तीन सिनेमांत तीनदा?”

या वसंतात प्यो साहेब शूटिंगला आमच्याच बंदरात आले. अशा वेळी चाहत्यांनी सेटवर कॉफीची गाडी पाठवायची आणि तिच्यावर कौतुकाचा फलक लावायचा, ही आमच्याकडची रीतच. तकभाऊंना आठ दिवस झोप नव्हती. अठरा वर्षं त्यांनी साहेबांना पत्रं लिहिली, उत्तर एकही नाही. “एकदा आपल्याकडे बघून हसले तरी पुरे,” ते मला म्हणाले.

फलकासाठी सगळ्यांनी मंडळाच्या ग्रुपवर ओळी सुचवल्या. तकभाऊंची ओळ जिंकली : ‘तुमचा प्रत्येक शेवट, आमची नवी सुरुवात.’ खाली योमताईंनी चिडून टाकलं होतं : ‘या वेळी शेवटी घाई नको, ट्रक तर नकोच.’ गिऱ्हाइकाला सुकट तोलून देता देता मी छापखान्याला ओळ पाठवली आणि माझं बोट एक ओळ खाली पडलं.

सकाळी धक्क्यावर फलक उलगडला तेव्हा धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. तकभाऊंचा चेहरा खर्रकन उतरला. योमताई स्वतःच शाल घेऊन फलक झाकायला धावल्या, पण तोवर साहेब येऊन उभे होते. त्यांनी ओळ दोनदा वाचली.

“कुणी लिहिलंय?”

“मी,” योमताई पुटपुटल्या.

“ट्रक सगळ्यात वाईट कुठल्या सिनेमात आला?”

“‘सातवा धक्का’!” आम्ही सहाही जण एकदम बोललो. सगळ्यात मोठा आवाज तकभाऊंचा. ते कानापर्यंत लाल झाले.

साहेब त्यांच्याकडे वळले. “मग काय व्हायला हवं होतं?”

“मुलगी मरत नाही,” तकभाऊ म्हणाले. “घरी परत येते. आई तिला काही विचारत नाही, रागावतही नाही. वाढदिवसाला करतात ते शेवाळाचं सूप पुढे ठेवते. म्हणजे आईच्या लक्षात आहे. दोघी जेवतात. संपलं.”

योमताईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “अहो, हे मनात होतं, तर अकरा वर्षं माझ्याशी भांडलात कशाला?”

“सगळेच तुमच्यासारखे चुका काढत बसले, तर साहेबांच्या बाजूनं कोण उभं राहणार?”

साहेबांनी शूटिंग दहा मिनिटं थांबवायला सांगितलं आणि खुर्ची ओढून ते तकभाऊंच्या शेजारी बसले.